पिशव्या वर!

माझ्या आत्याचा जीव तुम्ही घेतलात, बाई. ऑपरेशनने नाही, वयाने नाही, आणि चिमणीच्या हातांनी तर मुळीच नाही. तुम्ही घेतलात. वॉर्डाच्या दारात उभं राहून तुम्ही जो हुकूम सोडायचात ना, "पिशव्या वर!", त्या हुकमाने घेतलात.

हे तोंडावर बोलले असते. पण फोन तुमची सून उचलते आणि म्हणते, "आई झोपल्यात." सकाळी झोपल्यात, दुपारी झोपल्यात, संध्याकाळीही झोपल्यात. एवढी झोप आमच्या वॉर्डात भूल दिलेल्या माणसालाही लागत नाही. म्हणून आता सगळ्यांच्या देखत विचारते.

वाचणाऱ्यांना आधी सांगते. या बाई आमच्या दवाखान्यातल्या सगळ्या नर्सेसच्या मुख्य, आणि आमच्या नर्सिंग शाळेच्याही. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. समोर आदराने, मागे दातओठ खाऊन.

ज्याला उठून संडासापर्यंत जाता येत नाही, त्याच्या मूत्राशयात नळी घालतात. नळीच्या दुसऱ्या टोकाला पिशवी असते, ती खाटेच्या कडेला लटकते. ती कायम मूत्राशयाच्या खालीच राहिली पाहिजे, आणि फरशीला टेकता कामा नये. वर ठेवली की आतली लघवी उलटी फिरते आणि पिशवीतले जंतू घेऊन माणसाच्या पोटात शिरते. वर घ्यायचीच वेळ आली, तर आधी रिकामी करायची, नळीला चिमटा लावायचा, काम उरकायचं आणि लगेच खाली. हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच, बाई. फळ्यावर खाट काढून, बाण काढून. "हा बाण उलटा फिरला की माणूस गेला," हे तुमचेच शब्द.

आणि त्याच तुम्ही, दवाखाना चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचा राउंड असला की वॉर्ड असा सजवायचात की लग्नाचा हॉल परवडला. एरवी कपाटात कुलूपबंद असलेला साबण बेसिनवर यायचा. राउंड संपला की साबण परत कपाटात, आणि आम्ही परत नुसत्या पाण्याने. फरशी दोनदा पुसली जायची, आजाऱ्यांचे केस विंचरले जायचे. आणि अध्यक्षांना पिवळं काही दिसलेलं खपत नाही म्हणून शेवटचा हुकूम: पिशव्या वर. म्हणजे खाटेवर, आजाऱ्याच्या दोन पायांच्या मध्ये, चादरीखाली लपवून.

माझ्या आत्याचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. मला आईपेक्षा जास्त आत्यानेच वाढवलं. नात्यातल्या माणसाची खाट सांभाळायची नाही असा नियम होता, म्हणून तिची खाट चिमणीकडे आली. चिमणी माझ्या वर्गातली, अंगाने एवढीशी, म्हणून चिमणी. हात धुवायची तर बघत राहावं. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, आणि अंगठा वेगळा धरून, जो बाकी सगळ्या जणी विसरतात. साबण नसला तर स्वतःची वडी रुमालात गुंडाळून आणायची.

आत्या तिला छळायची. "अगं, माझ्यापाशी यायच्या आधी एवढं धुतेस, मी काय देव आहे?"

"नाही हो आत्या, तुम्ही जखम आहात," चिमणी म्हणायची.

"आणि ही पिशवी घेऊन मला कुठं पाठवायचा विचार आहे? दूध आणायला?"

"आधी उठून बसा, मग पाठवते."

आत्या तिसऱ्या खाटेवर आहे हे नवख्या माणसालाही हसण्यावरून कळायचं. ती बरी होत होती, बाई. टाके कोरडे होते. डॉक्टर म्हणाले होते, उद्या-परवा नळी काढू.

मग राउंड आला.

तुम्ही दारात आलात, टाळी वाजवलीत आणि ओरडलात. पोरींनी पटापट पिशव्या उचलल्या. चिमणीने उचलली, पण ती खाटेपाशी घुटमळत राहिली. "बाई, आधी रिकामी करून घेऊ का? चिमटा तरी लावते."

"राउंडच्या वेळी भांडी घेऊन नाचणार आहेस? ठेव आणि गप उभी राहा."

मी बेसिनपाशी होते. मी म्हणाले, "बाई, उलटं जाईल."

तुम्ही माझ्याकडे मान वळवलीत. मला तुमचा चष्मा आठवतो, त्यात खिडकी दिसत होती. "तू विद्यार्थिनी म्हणून बोलतेस की भाची म्हणून? भाची असशील तर बाहेर बाकडं आहे, तिथं जाऊन बस."

सगळ्या हसल्या. इनचार्ज सिस्टर सगळ्यात मोठ्याने हसली, तिला बढती हवी होती.

अध्यक्ष वेळेवर आले असते तरी चाललं असतं कदाचित. पण साहेबांना कुठं तरी फीत कापायची होती. आख्खी सकाळ पिशव्या वर. तुम्ही दारात पहारा दिलात. दुपारी साहेब आले, तोंडावर रुमाल धरून वॉर्डात शिरले, "छान, छान" म्हणाले, आणि बेसिनला हातही न लावता निघून गेले.

आत्याला ताप भरला. आधी हुडहुडी, मग बडबड. "पोरी, खिडकी लाव गं, गारठा येतोय." खिडकी बंदच होती. मी उठून ती पुन्हा लावल्यासारखी केली. जंतू रक्तात उतरले होते. औषध बदललं, पुन्हा बदललं. ज्या बाईने मला चालायला शिकवलं ती शेवटी मला ओळखेना. गेली.

आता चौकशी तर व्हायलाच हवी. तुम्ही केलीत! काय चौकशी होती ती! आम्हा विद्यार्थिनींना ओळीत उभं केलंत, "हात पुढे!" आणि प्रत्येकीच्या तळव्यावर कापसाची काडी फिरवून घेतलीत. फक्त आमच्याच. इनचार्जच्या नाही, डॉक्टरांच्या नाही, तुमच्या बोटातल्या खड्याच्या अंगठीवरून तर नाहीच नाही. चिमणी तेव्हाच एका म्हातारीचं अंग पुसून आली होती. "बाई, हात धुऊन येते," म्हणाली. तुम्ही म्हणालात, "का? काय लपवायचंय?"

काड्या तपासणीला गेल्या, आणि चिमणीच्या काचेच्या बशीत जंतू उगवले. उगवणारच! कामावरच्या कुणाच्याही हातावरून घ्या, उगवतील. पण तुम्ही ती बशी चिमणीच्या नाकासमोर धरलीत आणि म्हणालात, "बघ. हा तुझा हात. या हाताने बाई मारलीस."

मी तुमच्या खोलीत येऊन भांडले, अध्यक्षांच्या कचेरीत जाऊन भांडले. सगळीकडे एकच: भाची आहे, दुःखात आहे, बोलू द्या. चिमणीला शाळेतून काढलंत आणि सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडून तुम्ही मोकळ्या झालात.

ती आता लोकांच्या घरी म्हातारी माणसं सांभाळते. नर्स म्हणवून घेता येत नाही, म्हणून "कामवाली बाई". पण माझा राग त्यावरून नाही. माझा राग तिच्या हातांवरून आहे. ती अजून धुते. धुऊन धुऊन सालं निघालीत, बेचक्यांतून रक्त येतं, तरी धुते. स्वतःच्या लेकीचे गाल हातात धरत नाही. पोरीला कोपरांनी जवळ घेते. मी तिला हजारदा सांगितलं, अगं, तू नाही. ती म्हणते, "तू माझी मैत्रीण आहेस म्हणून म्हणतेस. बशीत उगवलं होतं, मी बघितलं." तुमच्या शब्दाशिवाय तिला दुसरा शब्द पटत नाही. असं शिकवलंत तुम्ही आम्हाला.

मग, इतक्या वर्षांनी, तुम्ही पडलात.

कसल्या पडलात, बाई! राउंडसाठी दुसऱ्यांदा पुसलेल्या फरशीवर. मांडीचं हाड मोडलं. मी तोवर याच दवाखान्यात सिस्टर झाले होते; बातमी कळली तेव्हा मी नव्या पोरींना हातमोजे काढायला शिकवत होते, आतली बाजू बाहेर, बाहेरच्या बाजूला कातडी लागू द्यायची नाही. मला हसू आलं. मी ते दाबलं नाही. पोरी बघत राहिल्या.

ऑपरेशन होऊन तुम्ही माझ्याच वॉर्डात आलात. तिसरी खाट. दुसरी रिकामी होती, पण मी तिसरी दिली.

आणि मी तुमची सेवा केली. तुमच्या सुनेला विचारा. वेळेवर कूस बदलली, टाचांखाली उशी दिली, तोंड साफ केलं, नळीपाशी रोज साबणपाण्याने पुसलं, पिशवी फरशीला टेकू दिली नाही. तुमच्या पाठीला एक फोड येऊ दिला नाही. तुम्ही सुनेला म्हणालात, "पोरीच्या मनात काही नाही हो, जुनं विसरली." दयेने नव्हतं ते, बाई. तुम्ही जिवंत राहायला हव्या होतात. मेलेली माणसं उत्तर देत नाहीत.

पुढच्या राउंडच्या सकाळी मी पोरींना आधीच गाठलं. म्हणाले, "इनचार्ज ओरडली की उचलल्याचं नाटक करायचं. पिशवी जागेवर राहू द्यायची, फक्त चादर ओढून तिच्यावर सोडायची." एवढंच, बाई. चादर वीतभर खाली ओढली की अध्यक्षांना काही दिसत नाही. माझी आत्या वीतभर चादरीसाठी गेली.

फक्त तिसऱ्या खाटेचं वेगळं ठरलं. तुमची पिशवी मी स्वतः रिकामी केली, नळीला चिमटा लावला, तुमच्या नजरेआड, मांडीच्या खाली. थेंब उलटा जाणार नव्हता. ते मला ठाऊक होतं. तुम्हाला नव्हतं. मला तुम्हाला ताप आणायचा नव्हता, घाम आणायचा होता.

इनचार्ज दारात आली. तीच, हसणारी. बढती मिळालेली. तुमच्यासारखीच टाळी वाजवली. "पिशव्या वर!"

चष्मेवाली विद्यार्थिनी ठरल्याप्रमाणे तुमच्या खाटेपाशी गेली आणि तिने पिशवी उचलली. तुमचा हात असा सुटला, मला वाटलं पलंगावरून पडता. तुम्ही तिचं मनगट धरलंत. "नको! खाली ठेव!"

मी पायथ्याशी उभी होते. "बाई, राउंड आहे."

"खड्ड्यात गेला राउंड! खाली ठेव म्हणते ना!"

"साहेबांना पिवळं चालत नाही."

"उलटं जाईल गं!" तुम्ही किंचाळलात. "मला मरायचं नाही!"

पोरी उभ्या. इनचार्जचा चेहरा पांढराफटक. मी चिमटा दाखवला, रिकामी पिशवी दाखवली, आणि ती जागेवर खाली लटकवली. मग तुमच्या कानाशी नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मग माझ्या आत्याला उलटं गेलं नसेल का?"

तुमचे ओठ हलले. मी बघितलं. अजून एक श्वास घेतला असतात तर निघालं असतं.

पण दारात अध्यक्ष आले, तोंडावर रुमाल धरून. "काय आरडाओरडा आहे?"

आणि तुम्ही, घामाने निथळत, उशीवर मान टाकून म्हणालात, "काही नाही साहेब. औषधाची गुंगी आहे, बरळले असेन."

माझी बदली धुलाईघरात झाली. हरकत नाही. चादरी आता माझ्याच हातात आहेत, त्या वॉर्डाला मी लांबातल्या लांब चादरी पाठवते. आणि चष्मेवालीने परवा मला जिन्यात थांबवून सांगितलं, "ताई, आम्ही आता कुणीच वर ठेवत नाही. ओरडू दे." तेवढं माझं झालं.

चिमणीचं व्हायचं आहे. तुम्ही आता काठी घेऊन चालता, गच्चीत उन्हाला बसता, सुनेवर ओरडता असं ऐकते. म्हणजे जीभ शाबूत आहे. येत्या रविवारी मी चिमणीला घेऊन तुमच्या दारात येतेय. सून म्हणेल झोपल्यात. झोपा. आम्ही पायरीवर बसू. मला तुमची माफी नको, ती ठेवा तुमच्या साबणाच्या कपाटात. तुम्ही फक्त बाहेर या, तिचे ते सोललेले हात तुमच्या हातांत घ्या, आणि जे गुंगीत नव्हे, भीतीने शुद्धीवर येऊन बोललात ते तिच्यासमोर बोला.

आत्याची पिशवी वर कुणी ठेवायला लावली? उलटं जातं, हे तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं?

बोला, बाई. होतं की नव्हतं?