मध्यंतरातली अदलाबदल

फुटबॉलमध्ये आमच्या खंडाचे विजेते आम्ही, त्यांच्या खंडाचे विजेते ते. कागदावर दोघेही सारखेच. फरक एवढाच, की त्यांचे कपडे सांभाळायला माणसांची फौज होती आणि आमच्या संघाच्या शर्टांपासून मोज्यांपर्यंत सगळ्याचा धनी मी एकटा. कप्तान माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, म्हणून सगळा संघ मला मामाच म्हणतो. कामं सांगायला सोपं जातं.

शर्टांचा एक जोड अंगावर होता, दुसरा विमान कंपनीने भलत्याच देशात धाडला होता. छातीवरचं क्लबचं चिन्ह माझ्या बहिणीने हाताने भरलेलं. कारखान्याने लावलेलं पहिल्याच धुण्यात सुटलं, तेव्हा ती म्हणाली होती, "आणा इकडे. पोरं जगासमोर जाणार, नीटनेटकी तरी दिसू देत." कित्येक दिवस डोळे ताणत बसली. आज ती टीव्हीसमोर असणार होती. हरलो तर हरलो, पण तिची मान खाली जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

मॅच संपली की दोन्हीकडचे खेळाडू आठवण म्हणून शर्टांची अदलाबदल करतात. पोरांना मात्र मॅचपेक्षा त्यांच्या जगप्रसिद्ध दहा नंबरचा शर्ट हवा होता. कोण मागणार यावरून विमानातच जुंपली. मी म्हटलं, "अरे, आधी त्याच्या पायातला बॉल काढा, शर्टाचं मग बघू." सगळे खो खो हसले.

पहिल्या हाफमध्ये त्यांनी तीन गोल चढवले. आमची पोरं इतक्या अदबीने खेळत होती, की पाहुण्यांना वाट करून देत आहेत असंच वाटावं.

मध्यंतराला मी खोलीत पाण्याच्या बाटल्या मांडत होतो, तर आमचे शूरवीर आले ते दुसऱ्यांचे शर्ट मिरवत. शेवटपर्यंत थांबलो तर चांगला शर्ट दुसराच कोणी पटकावेल, या धास्तीने मैदानातून आत येता येताच अदलाबदल उरकली होती. दहा नंबरचा शर्ट भाच्याने मारला होता.

"आणि आता काय घालून खेळणार?" मी विचारलं.

कोच सरांनी कपाळाला हात लावला.

"मामा, आपला दुसरा जोड?" भाचा म्हणाला.

"तो जग बघायला गेलाय."

"मग तुम्हीच जाऊन मागून आणा ना. तुमचं वय बघून नाही म्हणणार नाहीत."

गेलो. दिलेली वस्तू परत मागायची, जीव अर्धा झाला लाजेने. त्यांच्या खोलीत मंडळी कोरडे नवे शर्ट चढवत होती. आमचे शर्ट न्हाणीघराच्या दारात ओल्या फरशीवर अंथरले होते, कोणी घसरू नये म्हणून. कप्तानाच्या शर्टावर उभा राहून दहा नंबर बुटाच्या नाड्या बांधत होता. मी खुणेने शर्ट मागितला. तो ओशाळला, चटकन बाजूला झाला, वर शर्ट गोळा करायला मला मदतही केली. धड रागवायचीही सोय ठेवली नाही त्याने.

भाच्याने शर्ट हातात घेतला. चिन्हावर बुटाचा अख्खा ठसा.

"मामा, हे काय?"

खोटं सांगता आलं असतं. पण मला राग आला होता, आणि तो त्यांच्यावर नव्हता. "पायपुसणं केलं होतं त्याचं," मी म्हटलं. "पुसायला वेळ नाही. घाल तसाच."

सगळ्यांनी ऐकलं. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या हाफमध्ये भाच्याने दहा नंबरला बॉलला शिवू दिलं नाही. बाकीचेही जिवावर उदार होऊन धावले. त्यांचा एकही गोल झाला नाही, आमचाही झाला नाही. दुसरा हाफ आम्ही बरोबरीत सोडवला, पण असला निकाल कोणी छापत नाही.

खोलीत येतो न येतो तोच बहिणीचा फोन. "तीन गोलांचं जाऊ दे. पण दाद्या, पोराला मळका शर्ट घालून उभं केलंस साऱ्या जगासमोर? एवढं मरमरून भरलं मी, त्यावर बुटाचा ठसा? धुवायला काय झालं होतं तुला?"

भाच्याने माझ्या हातातून फोन घेतला.

"आई, मामाला बोलू नकोस. तो डाग मी पाडलाय."

"मग तूच धू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बसची वेळ होऊन गेली तरी तो बेसिनपाशी शर्ट चोळत उभा होता. दहा नंबरचा शर्ट बाकावर तसाच पडला होता. तो गोलकीपरने उचलला.