जिक्केच्या जागी फेन्ने

मोजायला बोलावतात मेले! वीत्स्केला त्या इस्पितळाचा, तिथल्या रंगीत ठोकळ्यांचा अगदी वीट आला होता. एकसारख्या दिसणाऱ्या या जुळ्या पोरी पोटात असताना एकीचं रक्त वारेतल्या नसांतून दुसरीकडे वाहत होतं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून त्या नसा लेझरने बंद केल्या, दोघी वाचल्या. झालं ना? पण नाही. दोन वर्षांच्या झाल्या, या तपासायला. आता साडेपाच वर्षांच्या झाल्या, पुन्हा या.

त्यात भर म्हणून सासू. रूलीला कोणी बोलावलं नव्हतं. पावाचा डबा घेऊन ती आपणहून गाडीत बसली होती. हीच बाई तेव्हा म्हणाली होती, "निसर्गाच्या कामात कशाला लुडबुड?" तेव्हापासून दर वाढदिवसाला गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसायची, केकचा तो एकच तुकडा तासभर चिवडायची आणि नातींकडे टक लावून बघायची. खोट शोधत असणार, दुसरं काय!

आणि खोट होती. फेन्ने ठणठणीत; जिक्केच्या उजव्या हातातून मात्र काहीही सुटायचं. "आळशी आहे कार्टी," असं वीत्स्के शाळेत सांगायची, शेजारी सांगायची, नवऱ्यालाही सांगायची. सांगून सांगून तिला स्वतःलाही ते पटत आलं होतं. आज इथे काही निघालं, तर रूली जिंकली. मग जन्मभर ऐकून घ्या.

फेन्नेची तपासणी झाली. तपासणारी मानसशास्त्रज्ञ, मार्लूस, कॉफी प्यायला गेली. तेवढ्यात वीत्स्केने दोघींना बाथरूममध्ये नेऊन स्वेटर बदलले. पिवळा फेन्नेच्या अंगात, हिरवा जिक्केच्या.

"आता तू जिक्के हं. गंमत करायची. कळलं?"

"कळलं," फेन्ने म्हणाली. जिक्केला काही विचारायची गरज वाटलीच नाही.

काय म्हणावं या बाईला! दोघींना वाचवायला जिने साऱ्या घराशी वैर घेतलं, तीच आता एकीला बाकावर बसवून दुसरीला दोनदा आत पाठवत होती, आणि वर स्वतःला मोठी हुशार समजत होती.

पिवळ्या स्वेटरमधल्या फेन्नेमागे दार बंद झाल्याबरोबर रूलीने तोंड उघडलं. "मला आंधळी समजतेस काय गं?"

"तू आपला पाव खा, रूली."

"पोरीच्या हाताचं काय होईल? बाकी कशाचा नाही तर त्याचा तरी विचार कर."

"आता पुळका आला होय? तुला तर ही पोटातच नको होती."

"नको होती असं कधी म्हटलं मी? घाबरले होते."

"राहू दे गं. आता कशाला सारवासारव!" वीत्स्केने नाक मुरडलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

बऱ्याच वेळाने मार्लूस पिवळ्या स्वेटरवालीचा हात धरून बाहेर आली. "बोलणं छान, बुद्धी छान," ती म्हणाली, "पण उजव्या हाताला व्यायाम हवेत, तेही लगेच. मणी ओवता ओवता सगळे सांडले. पायही थोडा ओढते."

वीत्स्केचा चेहरा खर्रकन उतरला. तिने फेन्नेचा दंड धरला. "काय केलंस हे?"

"तूच म्हणालीस ना, जिक्के हो? जिक्के असंच करते." फेन्ने रडवेली झाली. "मला तिचं सगळं येतं, मम्मा."

मार्लूस हसली नाही. "आणखी एक दाखवलं तिने. फोटो काढताना जिक्केने तो हात पाठीमागे लपवायचा. नाहीतर मम्मा चिडते."

रूलीला एवढी आयती संधी मिळाली होती, पण ती मान खाली घालून डब्याचं झाकण लावत बसली. वीत्स्केला वाटलं, हिने निदान चार शब्द सुनवावेत, म्हणजे आपल्याला उलट भांडता तरी येईल. मेलीने तेवढंही केलं नाही.

"आता खऱ्या जिक्केला पाठवता?" मार्लूसने विचारलं.

जिक्के बाकावरून उतरली. मोठ्या हिरव्या बाहीत बोटं आवळून ती आईसमोर उभी राहिली.

"मम्मा," तिने हळूच विचारलं, "आत गेल्यावर हात दाखवला तर चालेल ना?"