सवलतीतला तिसरा भाग

“तिसरा भाग आम्ही वाचायचा तरी कधी?” एवढा एकच प्रश्न थेट प्रकाशकांना विचारायची पैज लागली, तेव्हा मी टकळीच्या मांडीवर होते. मैत्रिणी खिदळत होत्या आणि माझी बॅटरी नऊ टक्क्यांवर आली होती.

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. खडूची नव्हे हं, ई-पुस्तकं वाचायची! कारखान्यात मला काच बसवली आणि पोटात परदेशी भाषांचे सहा शब्दकोश भरले. ते कुणी कधी उघडलेच नाहीत. आधी मी मावशीची होते. ती नर्स. तिच्या खिशातून पडून माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला. पुढे तिनं नवा मोबाइल घेतला आणि मी कपाटात, मोज्यांच्या ढिगाखाली गेले. तब्बल दोन वर्षं!

मला बाहेर काढलं ते तिच्या भाचीनं. तोंड दिवसभर चालू, म्हणून घरात तिला टकळी म्हणतात. तिनं स्वस्त पुस्तकं शोधायचा सपाटाच लावला. छोट्या प्रकाशकांची संकेतस्थळं पालथी घालायची, मालिकेचा पहिला भाग फुकट असेल तर आधी तो उचलायचा, अनुवादित कादंबरी आवडली की नमुन्याची पानं पुन्हा पुन्हा वाचत किंमत उतरायची वाट बघायची. ईमेल मात्र आईचा दिलेला! आई शिवणकाम करते. मशीन थांबवून ती ओरडायची, “अगं, माझी गिऱ्हाइकं सापडत नाहीत यात! जिकडेतिकडे तुझं ‘आज अर्ध्या किमतीत’!”

अशीच आम्हाला दीपगृहाच्या राखणदारणीची कादंबरी सापडली. दोन भाग आम्ही फस्त केले. दुसऱ्याच्या शेवटी ती वादळात होडी लोटते आणि पान संपतं! मग एका दुपारी तिसरा भाग दिसला, तोही जवळजवळ फुकटात. टकळीनं पुढचामागचा विचार न करता घेतला. उघडला, तर एक अक्षर कळेना. पुस्तक मूळ भाषेतलं होतं. अनुवाद झालाच नव्हता!

“सवलत दिसली की हिची अक्कल गहाण!” तिची मैत्रीण लंबू म्हणाली. “हिंमत असेल तर विचार त्यांनाच.” अशी ती पैज लागली. टकळीनं तिथल्या तिथे प्रश्न पाठवला.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोडगा असतो. “सात दिवसांत पुस्तक परत करता येतं, करून टाक. आणि ही पाटीही दुकानात देऊ. नवीवर सूट मिळेल.”

“नाहीतर काय, न कळणारं पुस्तक उशाला घेऊन झोपणारेस?” आई म्हणाली.

माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा तो मोज्यांचा ढीग आला.

सहाव्या दिवशी उत्तर आलं, खुद्द अनुवाद करणाऱ्या बाईंचं. ‘बाळ, आता माझे डोळे साथ देत नाहीत, आणि ही भाषा जाणणारं दुसरं कुणी प्रकाशकांना मिळत नाही. मीही ती तिशीनंतर शिकले. एका गोष्टीचा शेवट कळावा म्हणून.’

टकळीनं तिसरा भाग पुन्हा उघडला. मग तिचं बोट पहिल्या शब्दावर टेकलं, आणि इतक्या वर्षांनी माझ्या पोटातला त्या भाषेचा शब्दकोश उघडला. समुद्र. पुढचा शब्द, ‘अजून’. संध्याकाळपर्यंत एक अख्खं वाक्य उभं राहिलं: ‘समुद्र अजून जागा होता.’ ती खुर्चीतून अशी उडाली, की माझा दुसरा कोपरा जाता जाता वाचला!

मित्रांनो, जुन्या वस्तूची काच पुसा, तिला वेळेवर चार्ज करा. पण टाकून देण्याआधी तिच्या पोटात काय आहे, तेही एकदा उघडून बघा.

सातव्या दिवशी सकाळी मला छातीशी धरून टकळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“आई, बाबा, पुस्तक परत जाणार नाही आणि पाटीही कुठे जाणार नाही. मी ही भाषा शिकणारे. लंबूला सांगितलंय, वेळ लागेल. पण त्या राखणदारणीला किनाऱ्याला मीच आणणार!”