दोन किलोचे वजन आणि बियाण्याचे कोहळे

मी एक जुने लोखंडी वजन आहे, मित्रांनो. दोन किलोचे, सहा कोनांचे. माझ्या पोटात शिसे घालून त्यावर सरकारी शिक्का उमटवला, त्या दिवशी मी स्वतःला तहसीलदारच समजत होते.

अमरावतीच्या भाजीबाजारात शालिकरामजींच्या तराजूत माझी उमेदीची वर्षे गेली. तोलून झाले की ते गिऱ्हाइकाच्या पिशवीत वरून मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, टाकत. मला तो माझा अपमान वाटे. एवढे अचूक तोलायचे आणि मग उधळायचे? गिऱ्हाइके माझ्या शिक्क्यासाठी नव्हे, त्या सांभारासाठी परत येतात, हे मला फार उशिरा कळले.

पुढे बॅटरीचा काटा आला. मी आधी ताडपत्रीच्या कोपऱ्यावर बसले, मग घराच्या दाराला टेकले. ठेच लागलेला प्रत्येक जण माझा उद्धार करी. त्यापलीकडे कोणी चौकशी केली नाही.

गेल्या हिवाळ्यात शालिकरामजी गेले. त्यांनी घरामागच्या भाजीच्या वाडीतल्या वेलावर बियाण्यासाठी एक कोहळे राखले होते, देठाला आपल्या दुपट्ट्याची चिंधी बांधून. चिंधी बांधलेल्या फळाला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. एके दिवशी वेलावर नुसती चिंधी उरली.

त्यांच्या थोरल्या मुलाला, मनोजला वाटले, धाकट्या जीवनने विकले. जीवनला वाटले, दादाने. अबोला सुरू झाला. दुःखातल्या आईला यातले काही कळू द्यायचे नाही, या एका गोष्टीवर मात्र दोघांचे एकमत होते. एकाच दुकानावर ते पाठीला पाठ लावून बसत आणि निरोप गिऱ्हाइकांकरवी धाडत.

"काकू, त्या मानसाले सांगा, वांगे इकडे सरकवा म्हना."

"तुमीच सांगा नं बापा! हातभर अंतरावर तं बसले."

शेवटी वेगळे निघायचे ठरले. वाडीत मधोमध कुंपण घालण्यासाठी खांबही आले. तेव्हा त्यांची मोठी बहीण प्रतीक्षा अकोल्याहून आली. ती शाळेत शिकवते. पोरांची भांडणे ती गोलात बसवून मिटवते. गोलात एक चेंडू फिरतो. तो ज्याच्या हाती, त्यानेच बोलायचे. घरात चेंडू नव्हता. तिने इकडेतिकडे पाहिले आणि दारापासून मला उचलले.

"काय झालं? तवा मनात काय होतं? कोनाले लागलं? आता ते सावराले काय करता? एवढंच सांगायचं," ती म्हणाली. मनकर्णाबाई, म्हणजे त्यांची आई, चहा करायला आत गेली.

मनोजला लांबण लावायची सवय. पण दोन किलो हाती धरून माणूस किती बोलणार? हात भरून आला तसा त्याने मला हळूच मांडीवर ठेवले.

"मांडीवर नाई ठेवायचं!" जीवन ओरडला.

"ज्याच्या हाती नाई, त्यानं गप राहायचं," प्रतीक्षाने दटावले.

"ताई, शाळेतल्या पोट्ट्याईले चेंडू, आन् आमाले काहून लोखंड वं?" मनोजने विचारले.

"एकमेकाईले मारतात तेबी. पन त्यायले समजते लवकर. तुमाले वजन लागते," प्रतीक्षा म्हणाली.

मी फिरत राहिले आणि प्रत्येक फेरीला बोलणे आटत गेले. शेवटी मनोजजवळ एवढेच उरले, "बाबाचं शेवटचं कोहळं होतं. वाटलं, आता त्याईच्या हातचं काहीच उगवनार नाई."

जीवनने मला दोन्ही हातांनी घेतले. "मले बी तेच वाटलं, दादा."

दोन्ही पारडी अशी सारखी झालेली मी आयुष्यात कमीच पाहिली.

"पन मंग तोडलं कोनं?" मनोज म्हणाला.

तेवढ्यात चहा आला. प्रतीक्षाने आईच्या हातचा ट्रे घेतला, तिला गोलात बसवले आणि मला तिच्या हाती दिले. मनकर्णाबाईने मला लिंबासारखे एका हातात धरले.

"म्या तोडलं."

"आई!"

"बाबाच्या मासिक श्राद्धाले कोहळ्याचे गोड बोंडं नको तळू? त्याईचा जीव होता बोंडांवर. तुमी दोघायनं तं ताट चाटूनपुसून खाल्लं."

"आमाले वाटलं, कोहळं इकत आनलं."

"भाजीवाल्याच्या घरी?"

हसू की रडू, हे कोणालाच कळेना.

"सांगितलं काहून नाई वं?"

"इचारलं कोनं? मले वाटलं, वाडीसाठी भांडून राहिले." तिने मला अजून खाली ठेवले नव्हते. "कोनाले लागलं, हे इचारलं नं पोरी तू? मले लागलं. मानूस गेला, आन् पोरं बी एका पंगतीले बसत नाईत."

मग जीवनने दबकत विचारले, "आन् बिया?"

मनकर्णाबाई उठली आणि फडताळातून डबा घेऊन आली. राखेत घोळलेल्या, टपोऱ्या बिया. "त्याईच्या हाताखाली जल्म गेला माहा. बिया फेकीन?"

आता ते सावरायला काय करता, या चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोणी तोंडाने दिले नाही. कुंपणाचे खांब मात्र आता कोहळ्याच्या मांडवाला लागणार आहेत.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. माझा गंज मला पुरे. फक्त तुम्ही कधी रुसवा काढायला गोल करून बसाल, तेव्हा चहा करणाऱ्या माणसालाही आधी त्या गोलात बसवा. चहा थोडा उशिरा झाला तरी चालेल.