बारा हातांखालचा पंजा

महाराजांनी काचेच्या कुपीतून तीन थेंब दगडावर सोडले आणि दगड फसफसला. बारीक पांढरे बुडबुडे उठले. रांगेतल्या चार-पाचशे माणसांनी एकदम श्वास आत ओढला.

"बघा, आई श्वास घेतेय," महाराज म्हणाले. "बारा हात खाली गुदमरली होती बिचारी. हा तिचा पंजा. खाली हे दोन कोपरे, ते मनगटातलं कंकण. पण रेघा मोजू नका. जो मोजेल त्याची तितकीच वर्षं उरतील."

मोजायला कोण धजावणार? मोजल्या असत्या तर वीस-बावीस निघाल्या असत्या, आणि बावीस बोटांचा पंजा कुठल्या आईचा असतो, असा प्रश्न एखाद्या शहाण्याला पडला असता. महाराजांनी तेवढी सोय आधीच करून ठेवली होती. हेच महाराज दोन वर्षांपूर्वी टकलावर केस उगवणारं तेल विकत. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर तेव्हाही एक केस नव्हता, तरी बाटल्या खपत होत्या.

मुकादम सगळ्यांच्या पुढे, खुर्चीवर बसला होता. तो मान त्याचा, कारण दगड त्याच्या हातून निघाला होता. पण त्याचं दगडाकडे लक्ष नव्हतं. त्याची अकरा वर्षांची लेक त्याच्या मांडीवर डोकं टाकून पडली होती. घरात तिला छकुली म्हणत. सकाळपासून ती तीनदा ओकली होती आणि आता लांबून धावत आल्यासारखी धापत होती.

दगड सापडून अकरा दिवस झाले होते. पाण्याच्या टाकीचा पाया खणताना पिवळट, भुसभुशीत खडक लागला आणि एका गड्याची कुदळ वेगळीच वाजली. मुकादमाच्या खणणाऱ्या टोळीचा एक नियम होता. कुदळ वेगळी वाजली की सगळ्यांनी हात थांबवायचे आणि मुकादमाने एकट्याने उतरून बोटांनी चाचपायचं. खाली विजेची तार असू शकते, पाण्याचा नळ असू शकतो. मुकादमाच्या बोटांना जे कळे ते डोळ्यांना कळत नसे, असं गडी म्हणत.

तो उतरला, माती खरवडली आणि पंख्यासारखा उघडलेला, रेघारेघांचा दगड त्याने अलगद सोडवला. त्या खोबणीत त्याची बोटं आणखी आत गेली. तिथे अजून एक तशीच रेघ होती. तिच्याखाली अजून एक. पण वर येईपर्यंत चौकीदाराने ओरडून गर्दी जमवली होती, कोणीतरी महाराजांना आणलं होतं, आणि महाराज म्हणाले होते, "साऱ्या पृथ्वीच्या पोटात असा एकच." मुकादम तोंड उघडणार तेवढ्यात ते त्याच्याकडे वळले. "तुझ्या हाताने आई वर आली. तुझ्या घरात दुखणं आहे ना? ते जाईल."

मुकादमाने तोंड मिटलं. एकच असायला हवा होता. दहा असते तर तो नुसता दगड झाला असता, आणि नुसत्या दगडाने त्याची लेक कशी बरी होणार? त्याच संध्याकाळी महाराजांनी पाया वाळूने बुजवून घेतला, आईची झोपमोड नको म्हणून.

छकुलीला साखरेचा आजार होता. वयाच्या सहाव्या वर्षापासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. सुई देण्याचं काम मुकादमाचं, आणि भल्याभल्या शिळा हलवणारा हा माणूस त्या एवढ्याशा सुईपुढे रोज हरत असे. म्हणून परवा महाराज म्हणाले, "लोखंड आणि आई एका अंगात नांदत नाहीत, सुई बंद कर," तेव्हा त्याला आधी हायसंच वाटलं.

बायको आडवी आली होती. "डॉक्टरांनी सांगितलंय, एक वेळही चुकवायची नाही."

"डॉक्टरांनी पाच वर्षांत बरी केली का तिला? तू मध्ये पडू नकोस," तो म्हणाला आणि सुयांचा डबा कपाटावर टाकला. बायको रात्रंदिवस लेकीजवळ बसून राहिली. नवऱ्याशी तिने बोलणं टाकलं.

आता तीच गर्दीतून पुढे आली. "तिच्या तोंडाला वास येतोय. उतरलेल्या फळांसारखा."

महाराजांचे डोळे चमकले. "सुगंध! ऐकलंत? विष गेलं, आईचा दरवळ आला."

लोकांनी हात जोडले. मुकादमानेही जोडले आणि लगेच एक हात लेकीच्या कपाळावर ठेवला.

तेवढ्यात छकुलीच्या वर्गाच्या बाई रांग मोडून आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवत. पोरगी तीन दिवस आली नाही म्हणून घरी गेल्या होत्या, तिथून इथे. त्यांनी वाकून पोरीचा श्वास हुंगला आणि मुकादमाला विचारलं, "सुई कधी दिलीत?"

"परवा पहाटे," बायकोने सांगितलं.

"हा दरवळ नाही. इन्सुलिन नसलं की शरीर स्वतःची चरबी जाळत सुटतं आणि रक्त आंबतं, त्याचा हा वास आहे. उचला तिला. आत्ता."

"उठलात तर आईचा कोप होईल," महाराज म्हणाले.

मुकादम उठला. त्याला धीर आला म्हणून नव्हे. लेकीचं डोकं त्याच्या हातातून ओल्या मातीसारखं घसरलं होतं म्हणून.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई त्याला रागावल्याही नाहीत. दोन्ही हातांना सलाइन लावलं, इन्सुलिन सुरू केलं आणि म्हणाल्या, "पुढचे काही तास अवघड आहेत. आत्ता काही सांगू शकत नाही." मुकादम दाराशी उकिडवा बसला. दोन दिवसांच्या अबोल्यानंतर बायको त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. "इथे बसून काय करणार? त्या रांगेत अजून पोरं आहेत."

त्या बोलण्याने तो उठला. बाई त्याच्याबरोबर निघाल्या. वाटेत त्याने त्यांना कुपीतल्या थेंबांनी दगड कसा फसफसतो ते सांगितलं, आणि मग खोबणीतल्या रेघांबद्दल. रेघांचं त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

रांग तशीच होती. मुकादम थेट पुढे गेला. कुदळ-फावडं घेऊन पायाच्या बुजवलेल्या खड्ड्यात उतरला आणि वाळू उपसू लागला. महाराज ओरडले, चौकीदार धावला, पण टोळीतले गडी मध्ये उभे राहिले. मुकादमाने आजवर विनाकारण खणलेलं त्यांना आठवत नव्हतं. खडक लागला तसा त्याने एक पंजा वर फेकला. मग दुसरा. मग पाच. मग एक बंद डबीसारखा, दोन्ही झाकणं मिटलेला.

"एकच आई होती ना?" एक म्हातारी पुटपुटली. "इथे तर ढीग पडलाय."

बाईंनी ती डबी उचलली. "हा शिंपला आहे. लाखो वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तेव्हाचा. हे दोन कोपरे कंकण नाहीत. इथे दोन झाकणं बिजागरीसारखी जोडलेली असतात. वर गाळ साचला, गाळाचा खडक झाला आणि शिंपल्याचा दगड." मग त्यांनी वाटेत टपरीवरून घेतलेलं अंड्याचं टरफल पिशवीतून काढलं आणि महाराजांची कुपी उचलून थेंब सोडले. टरफल फसफसलं. "ही आईही श्वास घेते का? कुपी हुंगून बघा. अत्तर घातलेलं व्हिनेगर आहे. शिंपल्यात चुना, टरफलात चुना. चुन्यावर आंबट पडलं की वायू सुटतो."

कुपी हातोहात फिरली. महाराज आईचा कोप, कलियुग, पापी डोळे असं बरंच काही बोलत होते, आणि बोलता बोलता सायकलीकडे सरकत होते.

रांगेतली एक लेकुरवाळी मात्र हलली नाही. तिच्या कडेवर फिट येणारा मुलगा होता. "आम्ही सोमवारपासून गोळ्या बंद केल्यात," ती मुकादमाला म्हणाली. "दगड तुम्ही काढलात म्हणून विश्वास ठेवला. आता मी काय करू?"

महाराजांचं पाप महाराजांपाशी, पण हे आपलं, हे मुकादमाला तिथे कळलं. त्याने मुलाला स्वतःच्या खांद्यावर घेतलं. "चला माझ्याबरोबर. डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं. लपवायचं नाही."

दवाखान्याच्या दारात बायको उभी होती. रडून तिचे डोळे सुजले होते. "शुद्धीवर आली," ती म्हणाली. "सुई का बंद केली, विचारतेय. मी उत्तर दिलं नाही. ते तुम्हीच द्या."

मुलाला डॉक्टरीणबाईंकडे सोपवून तो लेकीच्या खाटेपाशी गेला. तिच्याकडे बघवेना, तरी बघितलं.

"तो दगड एकटा नव्हता, छकुले. माझ्या बोटांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला चमत्कार हवा होता, म्हणून मी बोललो नाही, कोणाला विचारलंही नाही. तुझा जीव जात होता तो माझ्या त्या गप्प बसण्याने." तो खाटेपाशी खाली बसला. "तू गप्प बसू नकोस. महाराज असो, डॉक्टर असो, मी असो, कोणी काही सांगितलं की विचार, कशावरून? आणि पटेपर्यंत विचारत राहा."

छकुलीने त्याच्यामागे उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. मग तिने सुईसाठी दंड पुढे केला.

"सुई घेईन मी," ती म्हणाली. "पण आता तुम्ही नाही, आई देईल."