पडदाभर चेहरा

माझी जीभ तिखट आहे हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं.

दोन हजार अकरा साली आमच्या यूम्नाच्या अब्बांनी कुवेतहून एचडी टीव्ही पाठवला, बत्तीस इंची. ते स्वतः अडीच वर्षं आले नव्हते. त्यांच्याच कंपनीतले झुबेरभाई सुट्टीवर आले, त्यांनी तो खोका जिवापाड जपत पनवेलला आणला. सोबत एक सीडी होती. ईदच्या दिवशी त्यांच्या तिकडच्या रूमवाल्यांनी जुन्या कॅमेऱ्यावर शूटिंग केलेलं. लावली तर चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. "एवढा मोठा पडदा काय रिकामा ठेवायला घेतलाय?" म्हणत झुबेरभाई रिमोट दाबत बसले आणि चित्र पडदाभर झालं.

हे केवढे दिसले म्हणून सांगू. गाल भरलेले, खांदे रुंद. बिर्याणीपुढे बसून हसत होते. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि पाठोपाठ रागही. इथे माझ्या घशाखाली घास उतरत नाही आणि साहेब तिकडे बाळसं धरतायत.

"चांगले फुगलायत की," मी फोनवर सुनावलं. "बायकोची आठवण येणाऱ्या माणसाच्या अंगावर मांस चढत नाही."

ते हसले. "मेसचं जेवण मस्त आहे," म्हणाले. मग दर शुक्रवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी फोन आला की मी हेच ऐकवायची. असे सहा महिने गेले.

एका शुक्रवारी त्यांनी विचारलं, "कंपनी अजून दोन वर्षांचं काँट्रॅक्ट देतेय. सही करू?"

'नको, या परत,' हेच मला म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "करा की. तिकडचं पाणी मानवलंय तुम्हाला."

"बरं. परवाच्या नाही, पुढच्या रविवारी करतो."

फोन ठेवला आणि मी ती सीडी लावून बसले, मग रोजच. निदान डोळे तरी नीट दिसावेत म्हणून जवळ जायची, तर चेहऱ्याचे नुसते तुकडे तुकडे. दुकानातल्या टीव्हीत तर माशाचं खवलं न् खवलं मोजून घ्यावं. शेवटी गुरुवारी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या परेशला बोलावलं.

"भाभी, टीव्हीला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "दुकानात लावतात ते शूटिंगच एचडी असतं. ही सीडी साध्या कॅमेऱ्याची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यात हे चित्र अरुंद, कोणीतरी ओढून रुंद केलंय. यात सगळीच माणसं जाडी दिसणार."

"मला वाटलं, सिरियलमधल्या बायका खातातच तेवढं."

तो हसला आणि त्याने रिमोटचं एक बटण दाबलं.

काळ्या पट्ट्या परत आल्या. मधल्या जागेत माझा नवरा बसला होता. गाल आत गेलेले, कॉलर गळ्याभोवती सैल, घड्याळ मनगटावरून पार खाली घसरलेलं. बाकीचे जेवत होते, हे नुसतेच हसत होते.

"आता बरोबर दिसतंय," परेश म्हणाला आणि बॅग उचलून गेला. या अल्लाह, सहा महिने मी या माणसाला काय काय बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"सही करू नका," मी म्हटलं. "घरी या."

"का? काय झालं?"

"टीव्ही नीट करून घेतला. तुम्ही दिसलात."

ते नेहमीसारखे हसले.

"मी एवढं टोचून बोलत होते," मी म्हटलं, "तुम्ही एकदा तरी सांगायचं."

"तू रागवायचीस, म्हणजे तुला माझ्या तब्येतीचा घोर नव्हता. मला तेवढंच बरं वाटायचं." मग आवाज उतरवून म्हणाले, "यूम्नाला नको दाखवूस ती सीडी."

यूम्ना आठ वर्षांची, माझ्या मांडीला टेकून सगळं ऐकत बसली होती. मी फोन तिच्या कानाला लावला.

"अब्बा," ती म्हणाली, "मी बघितलंय."