लुगड्याखालचे आकडे

मित्रांनो, माझं वय झालं आहे, पण आठवण अजून शाबूत आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका लहान गावात, शाळेच्या गच्चीवर मी नऊ वर्षं उभी होते. मी एक हवापेटी आहे. माझं खरं नाव लांबलचक, ते पाठीवरच्या पत्र्यावर कोरलेलं. हे सुटसुटीत नाव गावानं दिलं.

पत्रा कापून, आत मोटर बसवून मला घडवलं. वर उतरतं छप्पर, खाली जाळी आणि जाळीवर पांढरा कागद. दिवसभर गावाची हवा ओढायची आणि तिच्यातली धूळ त्या कागदावर धरून ठेवायची, एवढंच माझं काम. कागद आधी तोलत आणि नंतर तोलत. जेवढं वजन वाढे, तेवढी धूळ गावाच्या हवेत. गावाला लागून साखर कारखाना होता. आपल्यामुळे हवा किती मळते, हे त्यानं दर वर्षी सप्टेंबर संपायच्या आत सरकारला लिहून द्यायचं, असा नियम होता. त्या कागदपत्रांत माझा आकडा जायचा.

कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या अस्मिता मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. सकाळी कागद लावून जायच्या, दुसऱ्या दिवशी काढून न्यायच्या. बाकी माझी सगळी निगा शाळा झाडणाऱ्या कडूबाई करत. खंडेनवमीला त्या मला तुळजापूरहून आणलेलं कुंकू लावत, झेंडूची माळ घालत. एवढं प्रेम माझ्यावर कुणीच केलं नाही.

पण हिवाळ्यात उसाचं गाळप सुरू झालं, की कारखान्याच्या धुराड्यातून काजळी पडायची. वाळत घातलेल्या धुण्यावर, पापडांवर आणि माझ्यावरही. ते कडूबाईंना बघवेना. मॅडमची पाठ वळली, की त्या आपलं जुनं धुतलेलं लुगडं चार पदरी करून मला पांघरत. दुसऱ्या दिवशी मॅडम यायच्या आत काढून ठेवत. माझा दम कोंडायचा, मोटरीचा आवाज जड व्हायचा. पण मला सांगता कुठं येतं?

माझे कागद फिकट निघू लागले. गावची हवा चांगली, असं सरकारी कागद म्हणू लागला. शेतकरी हिंमतराव सरकारच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रारींवर तक्रारी करत. राख अडवणारं यंत्र धुराड्याला बसवा, एवढीच त्यांची मागणी होती. उत्तर ठरलेलं यायचं: आकडे मर्यादेत आहेत.

"कागदावर गाव गोरंपान, अन् आमच्या चहात काजळी!" शाळेच्या अंगणात ते ओरडत. "ती पेटी आंधळी हाय का?"

"माझ्या पेटीला नावं ठेवू नका, मालक," कडूबाई वरून बजावत. "तुमच्यापरीस सोच्छ हाय ती!"

कडूबाईंची नात राजनंदिनी तिसरीत होती. शाळेत आल्यापासून तिन्ही हिवाळे ती खोकत होती. शाळेत कमी, अंथरुणात जास्त.

एका जानेवारीत मॅडम वही विसरल्या म्हणून दुपारी परत आल्या. मी लुगड्यात गुंडाळलेली, कडूबाई शेजारीच झाडत होत्या.

"मावशी, हे काय?"

"झाकलंय की, म्याडम. सरकारी वस्तू हाय. मळली तर तुमालाच बोल लागंल."

"कधीपासून झाकता?"

"गाळप असलं की रोजच. तीन वरसं झाली."

मॅडम कठड्यावर बसल्या. मग हळूच त्यांनी सगळं समजावलं: धूळ लुगड्यातच अडते, म्हणून कागद फिकट निघतो आणि धुराड्याला यंत्र बसत नाही. कडूबाईंनी माझ्यावरचं लुगडं ओढून काढलं.

"म्हंजे... नंदीचा खोकला म्याच झाकला व्हय?"

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, मावशी. मीही कधी विचारलं नाही. पण आता मंडळाला कळवलं, तर तुमचं काम जाईल. कारखान्याचे साहेब म्हणतील, मागचे आकडे राहू द्या, नुसतं झाकणं बंद करा."

"काम जाऊ द्या. माझं नाव लिवा. पण ते आकडे खरे म्हनून ठिवू नका, म्याडम. पोरीच्या छातीत काय हाय, ते लिवा."

दुसऱ्या दिवशी माझा कागद काळा निघाला. मॅडमनी तीन वर्षांचे आकडे चुकीचे असल्याचं मंडळाला लिहून कळवलं. चौकशी झाली. कडूबाईंचं काम टिकलं, पण हिंमतराव गच्चीवर येऊन म्हणाले, "तीन वरसं आमाला खोटं पाडलंस, बाई." त्या खाली मान घालून झाडत राहिल्या.

पुढच्या गाळपाआधी धुराड्याला यंत्र बसलं. माझा कागद त्यानंतर पांढरा नाही, राखाडी निघू लागला. राजनंदिनी त्या हिवाळ्यातही खोकली, पण शाळेत बसून खोकली.

आता गच्चीवर नवं, आपोआप आकडे धाडणारं यंत्र आहे आणि मी अडगळीच्या खोलीत आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, एकच विनंती. त्या नव्या यंत्राची निगा राखा, पण ते कशासाठी उभं आहे, हे आधी मोठ्यांना विचारा. मोठ्यांनी सांगितलं नाही, तर पुन्हा विचारा. तीन वर्षं त्या गच्चीवर माझी माया करणारं माणूस होतं, मला वाचणारं माणूस होतं. एकमेकींना विचारणारं मात्र कुणी नव्हतं.